मुलाची भाषा आणि मजुराचा वेळ



आजचा विषय आमच्या तोंडी पुष्कळांना विपरीत वाटला असेल. जन्मभर पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या माणसाने तान्ह्या मुलांच्या बोबड्या बोलांविषयी काय सांगावे? आम्ही डॉक्टर नाही आणि बालशिक्षणाचे पंडितही नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, मूल बोलायला शिकते ते कोणाच्या तरी वेळातून शिकते. आणि कोणाजवळ किती वेळ उरतो हा प्रश्न जितका घरचा, तितकाच मजुरीचा आहे. म्हणून हा विषय आमचाही आहे.

प्रथम मूल बोलू कसे लागते ते पाहू. मूल आईचा आवाज पोटात असतानाच ऐकते, आणि जन्मल्यावर परक्या बाईच्या आवाजापेक्षा तोच त्याला अधिक रुचतो, असे १९८० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. याहून नवलाची गोष्ट कॅनडातील व्हँकुव्हरची. तेथे जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘त’ आणि ‘ट’ हा भेद आपल्याला सहज कळतो. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला तो अवघड जातो. पण इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हिंदीतला हा भेद कळत होता! दहा-बारा महिन्यांची होईतो त्यांतील बहुतेकांची ही शक्ती ओसरली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांची मात्र ती टिकली. तात्पर्य काय? मूल जगातली कोणतीही भाषा उचलण्याच्या तयारीने येते, आणि पहिल्या वर्षाच्या आतच सभोवतालच्या भाषेला कान लावून बसते. पहिला शब्द वर्षाच्या सुमारास येतो, पण त्याची पेरणी त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

मात्र नुसते कानावर पडून भागत नाही. रेडिओ दिवसभर गात असला म्हणून त्याच्यापासून तान्हे मूल बोलायला शिकत नाही. मुलाला उत्तर लागते. मूल बैलाकडे बोट करून ‘हम्मा’ म्हणते, आई म्हणते, “हो, हम्मा! काळा हम्मा. हम्मा काय खातो? वाढं खातो.” एका शब्दाला चार शब्दांचे व्याज मिळाले. उद्या तेच मूल ‘काळा हम्मा’ म्हणेल. आपल्या आज्या चिऊ, काऊ, मम्मं, भुर्र या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आल्या. सोपा शब्द, लांबवलेला सूर, आणि मूल काय म्हणते त्याची वाट पाहणे. यातली वाट पाहणे ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

पुढे मूल ‘केलं’ म्हणण्याऐवजी ‘करलं’ म्हणू लागते. आपण हसतो. हसू नये. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने स्वतःच्या बुद्धीने व्याकरणाचा नियम शोधून काढलेला असतो! त्याला दटावण्याचे कारण नाही. “होय, तू केलंस, छान केलंस,” एवढे म्हटले की पुरे. शुद्ध रूप कानी पडले आणि मुलाचा हुरूपही गेला नाही.

आता हे उत्तर द्यायला घरात कोण आहे, हा प्रश्न घेऊन आपण आपल्याच तालुक्यात, पारगावला जाऊ. तेथे दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. महाराष्ट्रातील इतर कारखान्यांप्रमाणे येथेही दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतली ही माणसे मुकादमाची उचल घेऊन सहा-सहा महिने गाव सोडतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. पहाटे अंधारात फडात जायचे, आणि गाडी भरली की रात्रच. मग स्वयंपाक. या दिवसात मुलाच्या ‘हम्मा’ला उत्तर कोणी द्यावे? ते काम सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीवर पडते. तिचीही शाळा त्यापायी बुडते. आपल्याकडच्या उसात बिबट्याचे भय. म्हणून ‘कोपी सोडून हलायचे नाही’ असा तिला हुकूम. एक अपुरे बालपण दुसऱ्या बालपणाला राखीत बसते.

येथे कोणी म्हणेल, या अशिक्षित लोकांना मुलांशी बोलण्याचे महत्त्वच कळत नाही. हा आरोप आम्हाला मुळीच मान्य नाही. अमेरिकेतही असेच म्हटले गेले. १९९५ साली हार्ट आणि रिस्ली या दोन अभ्यासकांनी ४२ कुटुंबांच्या पाहणीवरून पुस्तक लिहिले, की गरिबांच्या मुलांच्या कानांवर फारच थोडे शब्द पडतात. त्याचा जगभर गाजावाजा झाला. पुढे २०१८ साली दुसऱ्या अभ्यासकांनी आजी, भावंडे, शेजारी यांचे मुलाभोवतीचे बोलणेही धरून मोजदाद केली, तेव्हा गरीब वस्त्या-वस्त्यांतच पुष्कळ फरक आढळला आणि तो सरसकट निष्कर्ष उभा राहिना. गरिबाची जीभ काही दरिद्री नसते. ज्या बायकांनी जात्यावर बसून ओव्या रचल्या त्यांना भाषा नव्हती असे कोण म्हणेल? त्यांची लेक आज फडात आहे. तिच्याजवळ शब्द आहेत, उसंत नाही. आणि गावाकडे ज्या आजीने नातवाशी गप्पा मारल्या असत्या, ती तिकडेच राहिली.

ही उणीव ओळखणारी माणसे महाराष्ट्रात फार पूर्वी झाली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेथे त्यांना असे दिसले की, गरिबाचे मूल बालवाडीपर्यंत येत नाही. तेव्हा बालवाडीच त्यांनी त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा जन्मला. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने विकासवाडीचा प्रयोग वाढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. म्हणजे धाकटे भावंड पाळण्यात राहील आणि थोरली बहीण वर्गात बसेल. दोघांनाही आपापले बालपण मिळेल. अनुताईंनी कुरणशाळा काढली तीही गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात जाऊनच. मूल येत नाही म्हणून त्याला दोष न देता ते का येत नाही हे शोधायचे, ही त्यांची रीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सांगितले की, सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचली पाहिजे. ‘प्रत्येक’ यात टोळीबरोबर आलेले मूलही आले. परंतु व्यवहार पाहा. तीन वर्षांवरचे मूल अंगणवाडीत बसते, गाणी म्हणते. तीन वर्षांखालच्याचे बहुधा वजन होते, लस होते, शिधा घरी जातो. बोलण्याच्या दृष्टीने जी वर्षे सर्वांत मोलाची, तीच मोकळी राहतात. २०२४ साली केंद्र सरकारने ‘नवचेतना’ या नावाने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळ-संवादाचा आराखडा काढला, हे चांगले झाले. पण तो घरोघर नेणार कोण? तीच अंगणवाडीताई, जिच्याकडे पोषण, नोंदी आणि सरकारी पाहण्या आधीच आहेत. ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातल्या अंगणवाडी ताया संपावर होत्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तोही त्यांना न्यायालयात भांडून मिळवावा लागला. जी बाई आपल्या मुलांना बोलते करते, तिचे बोलणे समाजाने किती ऐकले?

आता कायद्याचे पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आणली. चांगला कायदा. पण त्याने बायका मोजल्या त्या कारखान्याच्या भिंतीआड. फडात बाई मोजलीच जात नाही. तेथे नवराबायको मिळून होतो ‘एक कोयता’! हिशेबात जिचे नाव नाही, तिच्या मुलाचा पाळणा कोणत्या वहीत लिहायचा? म्हणून आमची पहिली मागणी ही, की प्रत्येक बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहा. नाव लागले की हक्क मागता येतो. दुसरी मागणी, हंगामापुरते का होईना, टोळ्यांच्या मुक्कामी पाळणाघर हवे, आणि त्यात पगारी बाई हवी. ती शक्यतो टोळीच्याच भागातली असावी, म्हणजे बंजारा मुलाशी ती गोरमाटीत बोलेल आणि मराठवाड्यातल्या मुलाशी त्याच्या बोलीत.

बोलीचा विषय निघाला म्हणून गावातल्या सुस्थित मंडळींनाही दोन शब्द सांगतो. आपल्या घरात वेळ आहे, आजी आहे. पण मुलाच्या हाती मोबाइल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून अधिक नको. पडदा बोलतो, पण वाट पाहत नाही. तसेच घरात ‘ॲपल खा, हँड वॉश कर’ असे अर्धवट बोलणे. मुलाला एकाहून अधिक भाषा झेपतात, त्याची भीती नको. पण आपल्याला ज्या भाषेत रागावता येते, लाड करता येतात आणि गोष्ट रंगवता येते, ती भाषा त्याला आधी भरपूर द्यावी. आपल्या पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर मुलाच्या बोलीला वर्गात कोणी ‘अशुद्ध’ म्हटले, तर ते मूल गप्प होते. गप्प झालेल्या मुलाला शुद्ध काय शिकवणार?

शेवटी कानाविषयी. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून कित्येक घरे वाट पाहत बसतात; कोणी वेखंड उगाळून जिभेला लावते. दोष कानात असेल तर जिभेला लावून काय उपयोग? मूल मोठ्या आवाजाला दचकत नसेल, वर्षाचे होत आले तरी बाबाबा-दादादा करीत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर थांबू नये; प्रथम कान तपासून घ्यावा. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतात, आणि ऐकण्याचे व बोलण्याचे दोष त्यांच्या तपासणीत आहेत. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. दोष लवकर कळला तर यंत्राने, शिकवणीने, खुणांच्या भाषेने मुलाला मार्ग मिळतो. उशीर झाला तर भाषेविना गेलेली वर्षे भरून काढणे फार कठीण.

बंधुभगिनींनो, आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले, तेव्हा मालक विचारीत, उरलेल्या वेळाचे हे लोक करणार काय? त्याचे एक उत्तर आम्ही आज आपणांपुढे ठेवले. तो वेळ मुलाचा आहे. पुढचा हंगाम आला की आपल्या शिवारात पुन्हा कोप्या उभ्या राहतील. प्रत्येक गावाने एवढेच करावे: त्या कोप्यांत सहा वर्षांखालची मुले किती आहेत ते मोजावे, त्यांची नावे आपल्या अंगणवाडीत घालावीत, आणि पाळणाघराचा ठराव ग्रामसभेत करून तो कारखान्याकडे आणि पंचायत समितीकडे पाठवावा. ठरावाच्या पाठपुराव्याला आम्ही आहोत.