कलाशाखेची पदवी आणि व्यवसायाचे ज्ञान

(हीरक महोत्सवानिमित्त पालक व वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा पाठ)



दहावीचा निकाल लागला की शंकर नगरातील मराठी घराघरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते : अकरावीला कोणती शाखा घ्यायची? या चर्चेचा एक ठरलेला क्रम आहे. गुण उत्तम असतील तर विज्ञान, बरे असतील तर कॉमर्स, आणि ‘काहीच जमले नाही तर आर्ट्स आहेच’. ज्या मुलीला इतिहासाचे पुस्तक हातावेगळे करवत नाही, जी निबंधाची वही स्वतःहून भरते, तिलाही हे वाक्य ऐकावे लागते. ती मग मुकाट्याने दुसराच अर्ज भरते. पाच वर्षांनी तिच्या हाती पदवी असते. आवड मात्र वाटेत कुठेतरी सुटून गेलेली असते.

पालकांची काळजी खोटी नाही. निव्वळ आवडीवर संसार चालत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणलेले असते. प्रश्न एवढाच आहे, की आवड आणि उपजीविका यांतून एकाचीच निवड करणे खरोखर आवश्यक आहे का? साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांचा अभ्यास आणि व्यवहाराचे, व्यवसायाचे शिक्षण एकाच विद्यार्थ्याला घेता येणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते याच भूमीच्या इतिहासात आहे.

जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू झाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर. प्रकाशक वामनराव लाखे. तिन्ही नावे मराठी, कार्य मात्र हिंदीचे आणि छत्तीसगडाचे. सप्रे पदवीधर होते. सरकारी नोकरीचा मोह दूर सारून त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमारांच्या शिक्षकाचे काम पत्करले आणि त्या मिळकतीच्या आधारावर मासिकाचा संकल्प सोडला. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये जिची गणना होते, ती ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली. समीक्षेची शिस्त हिंदीत रुजविण्यातही या मासिकाचा वाटा मोठा मानला जातो.

एवढे असूनही ‘छत्तीसगढ़ मित्र’ जेमतेम तीन वर्षे चालले. १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले, ते आर्थिक अडचणींमुळे. लेखणीचा कस कुठेच उणा पडला नव्हता. उणी पडली ती जमाखर्चाची बाजू. छपाई, कागद, टपाल हा खर्च दर महिन्याला ठरलेला आणि वर्गणीदार मात्र मोजके, हे गणित त्या काळच्या बहुतेक नियतकालिकांना सुटले नाही. म्हणून त्याचा दोष सप्रे यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही विद्यार्थ्यांनी या घटनेतून एक गोष्ट जरूर घ्यावी : उत्तम कार्य टिकविण्यासाठी उत्तम हिशेब लागतो.

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, हे सर्वश्रुत आहे. याच लेखकाने काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषा कोशासाठी अर्थशास्त्राच्या संज्ञांचे काम केले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. ज्या भाषेत अर्थशास्त्राला शब्द नव्हते, त्या भाषेत ते घडविण्यासाठी अर्थशास्त्राची समज हवी आणि भाषेचा कानही हवा. केवळ एकाच्या बळावर ते काम होत नाही. दुसरीकडे, मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे व्यवसायाने वकील. पण पुढे सहकाराच्या क्षेत्रात उतरले. १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने. साहित्याच्या सेवेतून आलेला माणूस शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करू लागला, कारण दोन्हींच्या मुळाशी समाजाची चिंता होती.

दुसरे उदाहरण चिंतामणराव देशमुख यांचे. १८९६ मध्ये महाडजवळील नाते या गावी जन्मलेला हा विद्यार्थी १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्याने पटकावली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, आय.सी.एस. झाले आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात सेवेस लागले. त्या काळी रायपूर हा त्याच प्रांताचा जिल्हा होता. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. याच देशमुखांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात उतरविले. संस्कृतचा व्यासंग त्यांना बँकेत अडचणीचा ठरला नाही आणि बँकेने त्यांचे काव्य हिरावून घेतले नाही. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्य विद्यार्थ्याला आज कोणता मार्ग उपलब्ध आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक अशी तिची रचना आहे. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला ६० आणि गौण विषयाला २४ श्रेयांक दिलेले आहेत. याचा अर्थ असा, की इतिहास किंवा साहित्य हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीचा पाचवा हिस्सा दुसऱ्या विषयाला देता येतो. त्याशिवाय कौशल्यविकासाचे आणि अन्य विद्याशाखांचे विषय वेगळेच. छत्तीसगडातील महाविद्यालयांतही राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०२४-२५ पासून नवी पद्धती लागू झाली आहे. मात्र चौकट सर्वत्र सारखी असली तरी प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषय शिकविला जातोच असे नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी ‘कलाशाखेबरोबर वाणिज्य किंवा व्यवस्थापनाचा कोणता विषय मिळेल?’ हा प्रश्न पालकांनी स्पष्टपणे विचारावा.

दुसरा मार्ग दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याचा. २०२२ पासून आयोगाने त्यास परवानगी दिली आहे. वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष वर्गांत, अन्यथा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने, असे शिक्षण घेता येते. तिसरा मार्ग पदवीनंतरचा. एम.बी.ए.चे दार कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले असते. नवा रायपूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतही कलाशाखेच्या पदवीधराला प्रवेशपरीक्षा देऊन जाता येते. सनदी लेखापाल होण्याचा मार्गसुद्धा बंद नाही. पदवीला ६० टक्के गुण मिळविलेल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला प्राथमिक परीक्षेतून सूट मिळून थेट पुढील टप्प्यासाठी नोंदणी करता येते. एम.कॉम.साठी मात्र बहुतेक ठिकाणी बी.कॉम. लागते, हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

आता कोणी विचारील, या दोन ज्ञानांचा संगम हवाच कशाला? कोंडागावचा घडवा कारागीर डोळ्यांसमोर आणावा. मातीच्या गाभ्यावर तो मेणाचे बारीक धागे गुंडाळतो, त्यावर पुन्हा मातीचा लेप देतो, भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत तापलेले पितळ ओततो. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही; म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. बस्तरच्या या ढोकरा कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण त्या मूर्तीची किंमत कशी ठरवावी? धातू, कोळसा, मजुरी आणि दिवसांचा हिशेब ज्याला मांडता येत नाही, तो तिची कथा कितीही सुंदर लिहो, कारागिराच्या पदरी चार पैसे अधिक पडणार नाहीत. आणि ज्याला केवळ हिशेबच येतो, त्याला ती मूर्ती आणि यंत्रातून निघालेली नक्कल यांतील भेद सांगता येणार नाही. खैरागडला १९५६ पासून कला आणि संगीताचे विद्यापीठ आहे. या प्रदेशात कलेची वाण नाही. कलेचा व्यवहार सचोटीने सांभाळणाऱ्या माणसांची वाण आहे. हीच गोष्ट प्रकाशनाची, पर्यटनाची, नाट्यसंस्थांची, अनुवादाची आणि ग्रंथालयांची.

येथे सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. गणिताला भिऊन कलाशाखा घेणाऱ्याने व्यवसायशिक्षणाकडे सोपी पळवाट म्हणून पाहू नये. हिशेबनीस होण्यासाठी उच्च गणित लागत नाही, पण रोजची शिस्त लागते. आणि अर्थशास्त्र गंभीरपणे शिकायचे तर गणिताशी मैत्री करावीच लागते. दुसरे असे, की दोन विषय घेतले म्हणजे दोन्ही अर्धे शिकले तरी चालतात, असा समज नसावा. एक विषय खोल असावा आणि दुसरा उपयोगी पडेल इतका पक्का असावा.

पालकांसाठी एक विनंती. ‘आर्ट्स घेऊन काय करणार?’ हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा, पण उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून. मुलीने इतिहास निवडला तर तिला थांबवू नये. तिच्या हाती इतिहासाबरोबर खतावणीही द्यावी. घरखर्चाची वही महिनाभर तिच्याकडे सोपवावी. व्यवसायशिक्षणाचा पहिला धडा तिथेच सुरू होतो, आणि त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

सप्रे यांच्या त्या कथेत एका विधवेची झोपडी जमीनदाराने कायद्याच्या बळावर बळकावलेली असते. ती फक्त टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलवत नाही. मालकी म्हणजे काय आणि तिचा भार किती, हे जमीनदाराला त्या क्षणी उमगते आणि तो झोपडी परत करतो. कागदपत्रे सारी त्याच्या बाजूची होती. न्याय मात्र त्या म्हातारीच्या बाजूला होता. कागद वाचता यावा म्हणून व्यवहाराचे शिक्षण आणि म्हातारीचे दुःख वाचता यावे म्हणून साहित्याचे शिक्षण. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही दोन्ही वाचने साधोत, एवढीच सदिच्छा.