त्याच्या पंखांखाली
(मंडळीच्या सुगीच्या उपासनेत केलेले भाषण)



साक्षीच्या वेळी आपण पुष्कळदा ऐकतो : गाडीला अपघात झाला, पण देवाने मला वाचवले. ताप उतरत नव्हता, प्रार्थना केली आणि उतरला. अशा साक्षी खऱ्या असतात, आणि त्याबद्दल आभार मानलेच पाहिजेत. पण मी जेथे सेवा करते त्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, अशी साक्ष देताना जीभ अडखळते. समोर एखादी आई बसलेली असते, जिचे मूल त्याच महिन्यात गेलेले असते. देव मला सांभाळतो असे मी म्हटले, तर त्या बाईने त्यातून काय समजावे?

९१वे स्तोत्र आपल्यापैकी अनेकांना शब्बाथशाळेपासून पाठ आहे. त्यात देवाच्या पंखांचे चित्र आहे. शहरातल्या मुलांना ते समजावून सांगावे लागते, आमच्या पाड्यावर नाही. आकाशात घार फिरू लागली की कोंबडी एक वेगळाच आवाज काढते आणि पिल्ले धावत तिच्या पोटाखाली शिरतात. कोंबडी घारीला आकाशातून हाकलू शकत नाही. ती घार आणि पिल्लू यांच्यामध्ये स्वतः बसते. चोच बसायचीच असेल तर आधी तिला बसते. यरुशलेमेसाठी शोक करताना आपल्या प्रभूनेही कोंबडीचेच चित्र घेतले, आणि त्याच नगराबाहेर तो वधस्तंभावर गेला. ज्याचे पंख, जखमही त्यालाच झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. याच स्तोत्राचा आधार घेऊन सैतानाने प्रभूला मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगितले. प्रभूने उडी टाकली नाही. मला काहीच होणार नाही, अशी हमी मागणे म्हणजे विश्वास नव्हे, हे त्याने तेव्हाच दाखवले.

आता पंख प्रत्यक्षात कसे दिसतात ते सांगते. मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर सातव्या महिन्यातच बाळंतपण झाले. दरड कोसळून रस्ता बंद होता. चार माणसांनी बांबूला झोळी बांधून आई-बाळाला डोंगराखाली आणले, तेथून १०८ची गाडी मिळाली. बाळाचे वजन होते १ किलो ७०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे समजतात. अशा बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरने ते बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वरून लुगड्याने घट्ट बांधले आणि सांगितले, आता हीच तुझी पेटी.

या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. १९७८च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली. तेथील रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी आईच्या अंगाचीच ऊब वापरली. टंचाईतून निघालेला हा मार्ग आज जगभर वापरतात.

आई थकली की सासू बाळ बांधून घेई. तिसऱ्या रात्री बापाने घेतले. हा माणूस दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जाणारा, हाताला घट्टे पडलेले. वॉर्डातल्या बाया हसल्या, पण तो रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिला, कूस बदलली नाही. त्या रात्री मला ९१वे स्तोत्र नव्याने कळले. ते बाळ वाढले आणि घरी गेले.

येथे थांबले असते तर साक्ष छान झाली असती. पण त्याच पावसात शेजारच्या पाड्यावरचे बाळ वाटेतच गेले. त्याची आई मला म्हणाली, "तुमचा देव त्या बाळाला सांभाळतो, माझ्याला का नाही?"

धर्मशास्त्राच्या पदविकेला हा प्रश्न दहा गुणांना होता, आणि उत्तर मी चांगले लिहिले होते. तिच्यापुढे त्यातले एकही वाक्य उपयोगी नव्हते. देवाची इच्छा, असे मी म्हटले नाही. बाळ गेले ते रस्ता नव्हता म्हणून, आईच्या अंगात रक्त नव्हते म्हणून, सातव्या महिन्यापर्यंत ती डोक्यावर मोळ्या वाहत होती म्हणून. माणसांनी करायचे राहून गेलेले देवाच्या नावावर टाकणे ही खोटी साक्ष आहे. मी तिच्याजवळ बसले. पाड्यातल्या बाया महिनाभर आळीपाळीने तिच्या घरी झोपायला जात होत्या. तिला एकटे ठेवायचे नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते.

उत्पत्तीच्या पुस्तकात हागार रानात पोराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. देवाने तिचे डोळे उघडले तेव्हा तिला विहीर दिसली. सारफथच्या विधवेच्या घरी कोठार भरले नाही. मडक्यातले पीठ आणि कुपीतले तेल सरले नाही, एवढेच. देवाचे सांभाळणे बहुधा असेच असते : आजच्यापुरती विहीर, आजच्यापुरती भाकर, आज रात्री कुशीला कुणीतरी.

म्हणून एक मागणे आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत शासनाचे माहेरघर आहे. दिवस भरत आलेली बाई तेथे काही दिवस आधी येऊन राहू शकते. पण बाया येत नाहीत. घरी शेळ्या कोण बघणार, धाकट्यांना कोण जेवू घालणार, बुडालेली मजुरी कोठून आणणार? तुमच्या दानातून आम्ही त्या दिवसांचे धान्य घरी पोहोचवतो आणि शेळ्या सांभाळणाऱ्या शेजारणीला मजुरी देतो. घर कोणत्या धर्माचे, हे विचारत नाही. पिशवीभर ज्वारी आणि डाळ यांना पंख म्हणणे कुणाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही.

ज्या आईचे बाळ गेले, ती यंदा पाड्यातल्या दोन गरोदर बायांना स्वतः चालत माहेरघरी घेऊन आली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलेले नाही. पण परतताना तिने मला विचारले, "पुढच्या महिन्यात तिसरी आहे, तिच्या घरी धान्य येईल ना?"

येईल, असे मी तुमच्या भरवशावर सांगून आले आहे.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.