लोहाची कोठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण रक्ततपासणीचा कागद आता घरोघर येतो आणि तो आपल्यालाही समजायला हवा, म्हणून चार शब्द बोलते.

त्या कागदावर हिमोग्लोबिन असते, कधी फेरिटिनही असते. परातीतले पीठ म्हणजे हिमोग्लोबिन. कोठीतली ज्वारी म्हणजे फेरिटिन. पहिले रक्तात कामाला लागलेले लोह, दुसरे साठ्याची खूण. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली गेले, की रक्त कमी समजावे. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे कोठी रिकामी.

पण कोठी भरलेली दिसली म्हणजे सारे क्षेम आहे, असे नव्हे. आमच्या आळीतल्या एका बाईंचे फेरिटिन 200 च्या वर निघाले. घरचे म्हणाले, "लोह भरपूर आहे, काळजी मिटली." डॉक्टरीणबाईंनी मात्र कमरेला फीत लावली. कंबर 94 सेंटिमीटर, उपाशीपोटीची साखर 118, वरचा रक्तदाब 140; आणि हिमोग्लोबिन अवघे 10! हे कसे? यकृतावर चरबी चढली किंवा शरीरात आतून सूज असली, की फेरिटिन वाढते. मग शरीर लोह कोठीत कोंडून ठेवते आणि परात रिकामीच राहते.

म्हणून पाच गोष्टी लक्षात ठेवा. बाईची कंबर 80 सेंटिमीटर किंवा अधिक, रक्तदाब 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, आणि एचडीएल नावाचे चांगले कोलेस्टेरॉल 50 च्या खाली. यांतल्या तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पुढची वाट मधुमेहाची आणि हृदयविकाराची.

कुणी म्हणेल, "मी तर काडीसारखी!" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, 22.3. पण चरबी त्यांची 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांची 21.2! बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे दुखणेही आहे. त्या रोग्याला वरचेवर रक्त चढवावे लागले, तर लोह नको तितके साठते. त्याला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. गरोदर लेकीसुनांनी मात्र सरकारी गोळ्या ऐकीव गोष्टींवरून बंद करू नयेत. 180 दिवस रोज घ्याव्यात.

शिवणाच्या डब्यातली फीत आपल्या प्रत्येकीकडे आहे. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. आपण सगळ्याच बेंबीच्या रेषेत कंबर मोजू, आणि जिची 80 च्या वर भरेल तिच्यासोबत दवाखान्यात जाऊ.