प्रवासी नाहीत, की गाडी नाही?

“प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही” हा युक्तिवाद वस्तुस्थिती उलटी मांडतो. रायपूरचा शेअर ऑटो मागणीनुसार धावतो, म्हणजेच भरल्यावाचून सुटत नाही. त्या खोळंब्याची किंमत उरला-सिलतराचा कामगार आपल्या हजेरीने मोजतो आणि अखेर कर्ज काढून मोटारसायकल घेतो. मग प्रवासी घटल्याची हाकाटी होते! १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगडला स्वतःचे राज्य परिवहन महामंडळ नाही. उलट महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीने महिलांचे भाडे निम्मे केले आणि महिला प्रवाशांची संख्या वाढली. गरज होतीच, भाडे परवडत नव्हते. म्हणून कामगारवर्गाची मागणी स्पष्ट आहे: सार्वजनिक गाडी, परवडणारे भाडे आणि ठरलेली वेळ, मग गाडी भरो वा न भरो!