आधी तपासणी, मग औषध



बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद इथून आपण आलात, तसेच सीमेपलीकडच्या उदगीर-उमरग्याहूनही आलात. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, सभेत वचनकार अक्कमहादेवी निर्भयपणे बोलल्या. त्याच भूमीत आज बाईच्या दुखण्याविषयी उघडपणे बोलायला आपण जमलो आहोत.

आम्हा मेडिकलवाल्यांना हे दृश्य रोजचे आहे. बाई येते, डोकेदुखीची गोळी मागते, गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबते आणि मग खालच्या आवाजात म्हणते, "दादा, अंगावरून पांढरं जातंय, खाज बी लई. एखादी ट्यूब द्या." मराठीत असो, कन्नडात असो की दखनीत, संकोच तोच. ट्यूब मिळते, तपासणी मात्र राहून जाते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रियांची पाहणी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ही दरी बुजवणे हेच आपले काम आहे.

तपासणी का हवी? दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी असते. माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. तिन्हींना एकच ट्यूब चालत नाही.

कधी तर तयार औषधच चालत नाही. जुने कंपाउंडर चिठ्ठी वाचून खलात औषध घोटत आणि मिक्श्चरच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत. एकेका रुग्णासाठी औषध बनवण्याची ती विद्या आजही लागते. कुणाला तयार क्रीमच्या घटकाची अ‍ॅलर्जी असते. कुणाची बुरशी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. अशा हट्टी बुरशीसाठी डॉक्टर 600 मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिडची कॅप्सूल रोज एक, तीन आठवडे योनिमार्गात ठेवायला सांगतात. तीच कॅप्सूल गिळली तर विष ठरते आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहे. म्हणून पाकिटावर मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक सूचना हवी.

बनवणाऱ्या हातांची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची. 2012 मध्ये अमेरिकेत अशी औषधे बनवून देणाऱ्या एका औषधशाळेतील दूषित इंजेक्शनांनी साठांहून अधिक माणसे दगावली.

मित्रहो, आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले तर गोड मानून घ्या. पण इथून जाताना एक निश्चय करून जा: दुकानात आडोशाची जागा ठेवू, बाईचे बोलणे पूर्ण ऐकू आणि ट्यूब देण्याआधी तिला डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयातील, जननमार्गाच्या संसर्गांसाठीच्या सुरक्षा क्लिनिककडे पाठवू. या क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळते.