शेणाची पाटी आणि युरियाची गोण

(अलिबाग तालुक्यातील एका गावी, लावणीपूर्वी भरलेल्या शेतकऱ्यांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



मी शाळामास्तर, पण माझ्या बापाचा जन्म नांगरामागे गेला, म्हणून दोन शब्द बोलण्याचा माझा हक्क समजतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंनी उसने पैसे काढून युरियाच्या दोन गोणी आणल्या. "जितके जास्त घालाल तितके पीक," असे दुकानदाराने सांगितले होते. बंधूंनी तुडुंब भरलेल्या खाचरात दोन्ही गोणी एकाच दिवशी फेकल्या. रात्री मुसळधार पाऊस झाला, बांध फुटला आणि खत खाडीला मिळाले. कर्ज मात्र घरात राहिले. यात दैवाचा दोष किती व आपल्या अज्ञानाचा किती, याचा विचार करू.

भाताला हिरवेपणा येतो व फुटवे फुटतात ते नत्राने. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र झाले. शेणखतात ते शेकडा अर्धा, म्हणजे टनामागे ५ किलो. एका गोणीची बरोबरी करण्यास चार टनांहून अधिक शेणखत लागेल. मग कोणी विचारील, शेण हवे कशाला? बंधूंनो, युरियात नत्रावाचून पिकाचे दुसरे अन्न नाही. शेणखतात स्फुरद आहे, पालाश आहे. ते माती भुसभुशीत ठेवते, ओल धरते आणि पुढल्या सालीही थोडे थोडे देत राहते. युरिया हे हातउसने. शेणखत ही घरची पुंजी.

ही पुंजी आपण काय करतो? राबात भाजतो! शेण, पाला, कवळे जाळल्याने तण मरते व रोप जोमदार येते, हे खरे. राखेत पालाश उरतो. पण नत्र धुराबरोबर आकाशात जाते. तेच शेण खड्ड्यात कुजवून गादीवाफ्यावर घातले तर रोपही होईल व नत्रही वाचेल. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाने वाहून जाते, ते ताली-बंधारे घालून शेतात मुरवावे, असे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सांगून ठेवले आहे.

पूर्वी जमीन खोताची होती. तिला खत कोणासाठी घालावे? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून कसणाऱ्याचा हक्क मागितला. आता जमीन ज्याच्या नावची झाली, त्याने तिची निगा न केल्यास दोष कोणाला द्यावा?

तर युरिया घालावा, पण रीतीने. तीन वाटे करावे : लावणीस, फुटवे फुटताना व लोंबी धरू लागताना. पाणी काढून द्यावे, मग खत टाकावे, दुसरे दिवशी पाणी घ्यावे. खताच्या गोळ्या मिळाल्यास लावणी होताच चार चुडांच्या मध्ये एक गोळी चार बोटे खोल खोचावी. ती सहसा वाहून जात नाही. अति नत्राने भात काळेभोर दिसते, मग लोळते व करप्याला बळी पडते. विहिरीवर मका लावणाऱ्यांनीही पेरणीस थोडे, गुडघाभर झाल्यावर व तुऱ्यापूर्वी उरलेले, असेच वाटून द्यावे.

थळच्या कारखान्यात १९८५ पासून हवेतले नत्र धरून युरिया होतो. तेच काम भातामागून पेरलेला आपला वाल मुळांवरच्या गाठींत फुकट करतो. शेंगा पोपटीला न्या, पण वेल उपटून जाळू नका, जमिनीत गाडा.

शेवटी एक विनंती. यंदा एका खाचराचे तीन सारखे तुकडे करा : एक बिनखताचा, एक शेणखताचा, एक शेणखत व बेताच्या युरियाचा. प्रत्येकाचे भात वेगळे मोजा व आकडे शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींकडून वहीत लिहवून घ्या. दुकानदाराच्या तोंडापेक्षा आपल्या तराजूवर विश्वास ठेवा. विद्या शेतात उतरली नाही, तर आम्ही शाळेत काय शिकवले?