ओक्वी एन्वेझोर आणि फोटोखालचे नाव



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. बँकेतल्या कारकुनाने कलेवर बोलावे हे एक नवल, आणि तेही नायजेरियात जन्मलेल्या गृहस्थांविषयी, हे दुसरे. परंतु ओक्वी एन्वेझोर हे चित्रकार नव्हते, शिल्पकारही नव्हते. ते क्युरेटर होते. आपल्याकडील सरकारी संग्रहालयांत या पदाला अभिरक्षक म्हणतात. हा शब्द ऐकला की कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात दालनात कोणाचे काम लावायचे, कोणाच्या शेजारी लावायचे आणि त्याखाली काय लिहायचे, हे तो ठरवतो. म्हणजे कोणाला आत घ्यायचे नाही, हेही तोच ठरवतो. हा अधिकार लहान नव्हे.

एन्वेझोर यांचा जन्म १९६३ चा, कालाबार शहरातला. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे यादवी युद्ध झाले आणि त्यांच्या कुटुंबाला वारंवार घर सोडावे लागले. १९८२ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी पदवी घेतली ती राज्यशास्त्राची. कलेच्या इतिहासाचे रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. कविता करायच्या, न्यूयॉर्कची दालने पाहत हिंडायचे, आणि आफ्रिकेतल्या आजच्या कलावंतांचे काम येथे का दिसत नाही हे विचारायचे, असा त्यांचा क्रम होता. उत्तर मिळेना, तेव्हा १९९४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक नियतकालिकच काढले. नाव ‘न्का’, इग्बो भाषेत याचा अर्थ कला. कला शाखेची पदवी घेऊन काय होणार, असे घरी रोज ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगतो की, पुढे २००५ मध्ये हेच राज्यशास्त्राचे पदवीधर सॅन फ्रान्सिस्कोच्या कला महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले.

आता एका छायाचित्रकाराची गोष्ट. मालीच्या बामाको शहरात सेदू केइता यांनी १९४८ मध्ये फोटो स्टुडिओ काढला. गिऱ्हाईक आले की मागे नक्षीचे कापड टांगायचे. घड्याळ, रेडिओ, सूट हवा असेल तर तोही स्टुडिओतलाच. ज्याच्याकडे काही नव्हते तोही त्या फोटोत रुबाबात उभा आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे काही फोटो लागले, तेव्हा छायाचित्रकार अज्ञात, असे सांगितले गेले. माणूस जिवंत होता आणि आपल्याच गावी राहत होता! बँकेत एखादी रक्कम कोणाची ते कळेना, की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. पण त्या नोंदीचा तगादा वरून सारखा चालू असतो. संग्रहालयाच्या सस्पेन्स खात्याला तगादा लावणारे कोणी नव्हते. केइता यांचा पत्ता पुढे दुसऱ्याच लोकांनी शोधला, ते श्रेय एन्वेझोर यांचे नाही. त्यांनी केले ते असे: १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सहकाऱ्यांसह आफ्रिकेतील तीस छायाचित्रकारांचे प्रदर्शन मांडले, नावानिशी. केइता त्यांपैकी एक.

पुढचे सारे सुरळीत झाले असे समजू नका. १९९७ चे जोहान्सबर्गचे द्वैवार्षिक प्रदर्शन त्यांच्याकडे होते. शहराच्या तिजोरीत पैसा नव्हता, ते ठरल्यापेक्षा आधी बंद करावे लागले. आणि स्थानिक सामान्य लोक फारसे फिरकलेच नाहीत, ही टीकाही झाली. आमच्या मते ती टीका रास्त होती.

तरीही १९९८ मध्ये जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनासाठी त्यांची निवड झाली. हे प्रदर्शन १९५५ पासूनचे, आणि युरोपाबाहेरचा क्युरेटर तोवर त्याला लाभला नव्हता. एन्वेझोर यांनी प्रदर्शनाआधी चर्चासत्रेच घेतली: व्हिएन्ना, बर्लिन, सेंट लुसिया, लागोस आणि, मे २००१ मध्ये, आपली दिल्ली. दिल्लीचा विषय होता अत्याचारानंतरचा न्याय आणि सत्यशोधन आयोग. २००२ मध्ये कासेलला सुमारे साडेसहा लाख लोक आले. बघण्यापेक्षा वाचायचे आणि ऐकायचेच फार, अशी काहींनी कुरकूर केली. असो.

आम्हाला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते २०१२ चे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा उदय आणि अस्त, छायाचित्रांतून. न्यूयॉर्कनंतर ते म्युनिकला आणि मग जोहान्सबर्गला गेले. त्याच्या शीर्षकातच ‘दैनंदिन जीवनातील नोकरशाही’ असे शब्द होते, आणि कारकून म्हणून आम्ही तेथेच अडखळलो. आमच्या काउंटरवर पासबुक म्हणजे बचतीचे. तेथे पासबुक म्हणजे काळ्या माणसाने खिशात बाळगायचा परवाना. नसेल तर तुरुंग. बाकावरच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ या पाट्या, शिक्के, सह्या, रांगा. लाठी चालवणारा एक असतो, पण रोजचा शिक्का मारणारे शेकडो असतात. वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

म्युनिकच्या ज्या कलागृहाचे ते २०११ ते २०१८ पर्यंत संचालक होते, त्याचे उद्घाटन १९३७ मध्ये हिटलरने केले होते. शुद्ध जर्मन कलेसाठी बांधलेल्या त्या इमारतीत मार्च २०१९ मध्ये एल अनात्सुई यांची, दारूच्या बाटल्यांची बुचे तांब्याच्या तारेने गुंफून केलेली भव्य कामे लागली. हे प्रदर्शन एन्वेझोर यांनी एका मित्रासह मांडले होते. तेव्हा ते कर्करोगाने अंथरुणावर होते. उद्घाटनानंतर आठवड्याने, १५ मार्चला, त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५.

आता एक विनंती. संस्थेच्या कपाटात जुन्या मेळाव्यांचे, वसतिगृहाचे, मिरवणुकांचे फोटो आहेत. बहुतेकांच्या मागे फक्त स्टुडिओचा शिक्का आहे. त्यांतले चेहरे ओळखणाऱ्या चार-पाच आजी आजही वस्तीत आहेत. विद्यार्थ्यांनी दोन रविवार त्यांच्यापाशी बसावे, आणि प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहावे. फोटो काढणाऱ्याचे नाव कळले तर तेही. लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.